डिंगी ओढताना इंजिन कुठे ठेवायचं?

मुंबईहून मांडव्याला शिडाच्या बोटीने जाणारे बरेच जण आपले श्रोते आहेत. मोठ्या बोटीमागे दोरीने ओढत नेतो ती छोटी डिंगी आणि तिचं आउटबोर्ड इंजिन, हा आजचा विषय.

हे इंजिन डिंगीला कशाने धरलेलं असतं? मागच्या फळीवर बसवलेला एक क्लॅम्प आणि त्याचे दोन स्क्रू. बस्स! आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतो. एक गोष्ट सुटली की खेळ खलास. आणि इंजिन चालताना होणाऱ्या थरथरीने हे स्क्रू सैल होतातच.

बरं, स्क्रू घट्ट असले तरी वजनाचं काय? अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन १३ ते १७ किलो भरतं, तेही डिंगीच्या अगदी मागच्या टोकाला आणि उंचावर. दुपारी वायव्येचा वारा वाढतो. मांडव्याकडे जाताना लाटा मागून येतात. लाटेवर डिंगी पुढे धावते, दोर ढिला पडतो, ती आडवी होते आणि मग दोराचा हिसका बसतो. डिंगी उलटली की इंजिन खाऱ्या पाण्यात.

म्हणून सरळ नियम: निघण्याआधी, शांत पाण्यातच, इंजिन काढून मोठ्या बोटीच्या मागच्या रेलिंगवरच्या ब्रॅकेटला लावा. स्क्रू सोडण्याआधी इंजिनाला एक दोरी बांधा, तिचं दुसरं टोक मोठ्या बोटीला. नव्या जागी क्लॅम्प आवळेपर्यंत ती दोरी सोडायची नाही. ‘वाटेत वारा वाढला तर काढू’ हा विचार नकोच. हलणाऱ्या दोन बोटींच्या मध्ये पंधरा किलोचं धूड उचलताना बोटं चेंगरतात, नाहीतर माणूसच पाण्यात जातो.

खाडीतल्या शांत पाण्यात, थोड्याच अंतरासाठी इंजिन डिंगीवर ठेवायचं असेल, तर एवढं करा. इंजिन वर उचलून लॉक करा, म्हणजे पंखा पाण्याबाहेर राहील. दोन्ही स्क्रू आवळा आणि त्यांच्या दांड्या फिरणार नाहीत अशा एकत्र बांधा किंवा कुलूप लावा. इंजिनापासून डिंगीच्या मजबूत कडीला वेगळी दोरी बांधा. क्लॅम्प सुटला तरी इंजिन तळाशी जाणार नाही. पेट्रोलचा कॉक आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करा. वल्ही, डबे, सुटं सामान मोठ्या बोटीत घ्या. आणि डिंगीत कुणालाही बसवू नका.

तरीही उलटलीच, तर आधी बोटीचा वेग कमी करा. इंजिन वाचवायला कुणी पाण्यात उडी मारायची नाही. डिंगीमुळे मोठी बोट अडचणीत येत असेल, तर दोर कापायला चाकू हाताशी हवा. इंजिन परत विकत घेता येतं, मंडळी.