गुडघ्याला पट्टा बांधताना



हल्ली आमच्या गटाच्या बैठकीत सतरंजीपेक्षा खुर्च्यांना मागणी जास्त असते. खुरपणी, धुणं, विळीवरचं चिरणं, सगळं उकिडवं बसून करायचं. वय वाढतं तशी गुडघ्यातली कूर्चा झिजते आणि दुखणं मागे लागतं. मग कुणीतरी बाजारातून पट्टा आणतं. सासूचा पट्टा सून लावते, आणि आठ दिवसांनी तो खुंटीला टांगलेला दिसतो.

पट्ट्याने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. पण गुडघ्याला ऊब आणि आधार मिळतो, चालताना धीर येतो आणि बऱ्याच जणींचं दुखणं थोडं हलकं होतं. मात्र तो मापाचा हवा. गुडघ्यावर मोजायचं की मांडीवर, हे खोक्यावर दिलेलं असतं. शिवणकामाची टेप घ्या आणि तसंच मोजा. दोघींचं माप सारखं नसतं, म्हणून पट्टा ज्याचा त्याचा.

चालताना, काम करताना लावा, झोपताना काढा. पायाला मुंग्या आल्या, पाऊल सुजलं किंवा निळसर दिसलं, तर लगेच काढा. साखरेचा आजार असेल, पायाच्या शिरा फुगल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाय धनुष्यासारखे वाकले असतील तर साधा पट्टा पुरत नाही, वेगळा ब्रेस लागू शकतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.

नुसत्या पट्ट्यावर विसंबू नका. मांडीचे स्नायू हाच गुडघ्याचा खरा आधार. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, 5 आकडे मोजा, सोडा. असं 10 वेळा, दोन्ही पायांनी, रोज. जमेल ती कामं पाटाऐवजी स्टुलावर बसून करा. वजन जास्त असेल तर 1 किलो कमी झालं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे 4 किलोंचा भार उतरतो.

रोज दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाऊ नका. पोटाला आणि किडनीला त्रास होतो. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका, दवाखाना गाठा.

घरातल्या सगळ्यांचं दुखणं आपण बघतो, आपलं मात्र ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतो. पुढच्या बैठकीला आम्ही टेप आणणार आहोत. तुम्हीही तुमच्या गटात आणा. हप्ते जमा झाले की एकमेकींची मापं घ्या आणि 10 मिनिटं व्यायाम करूनच घरी जा.