कडब्यापासून सुरुवात करू या

(शिरड शहापूर येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेऊन इकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना मी कडब्याच्या गंजी शोधत होतो. फार थोड्या दिसल्या. आज मला बोलायचे आहे ते या न दिसलेल्या गंजींविषयी. पत्रकाराने शेतकऱ्याला शेती शिकवणे हा उद्धटपणाच; तो मी करणार नाही.

निसर्गाशी जुळवून घेऊन पिकवणे या भागातील अल्पभूधारकाला नवे नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानाची खरी धनीण घरातली माउली आहे. हळद काढल्यावर जेठे गड्डे निवडून, सावलीत पाल्याखाली झाकून ती पुढच्या लागवडीपर्यंत जपते. एकराला सुमारे 10 क्विंटल बेणे लागते आणि ते बहुधा घरचेच असते. कपाशीत ही सत्ता आपण केव्हाच गमावली. संकरित वाणाचे बी ठेवून उपयोग नाही, पाकीट दरसाल विकतच आणावे लागते.

बेणे टिकले, पण शेण गेले. ते कसे गेले, हे नीट पाहिले पाहिजे. पूर्वी खरिपात पुरुषभर उंचीची गावरान ज्वारी असे. तिच्यात तुरीचे तास, मूग, उडीद, बांधाकडेला अंबाडी. माणसाला भाकरी, जनावराला कडबा, जनावराचे शेण उकिरड्यावर आणि उन्हाळ्यात गाड्या भरून पुन्हा काळ्या आईच्या ओटीत. पुढे बुटक्या ताटांची संकरित ज्वारी आली. दुष्काळाने पोळलेल्या मराठवाड्याला तिने धान्य दिले, तिला नावे ठेवणे कृतघ्नपणा ठरेल. परंतु कडबा घटला. मग सोयाबीन आले आणि कडब्याचा प्रश्नच संपला. वैरण नाही म्हणून बैल विकला, बैल नाही म्हणून शेण नाही, शेण नाही म्हणून गोणी. (बातमीदार म्हणून गोणीसाठी लागलेल्या रांगांच्या बातम्या मी कितीतरी लिहिल्या. रिकाम्या होत चाललेल्या गोठ्याची एकही लिहिली नाही.)

विदर्भातील सुभाष पाळेकर यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे जीवामृत आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती, हे एका एकराला. कृती सोपी आहे. अडते ते पहिल्याच जिनसापाशी. दावणीला गायच नसेल तर शेणही विकत आणायचे का?

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला मान्यता दिली; तरतूद 2481 कोटींची. स्वागत आहे. पण श्रीलंकेचे उदाहरणही डोळ्यांपुढे असू द्या. तेथे 2021 च्या एप्रिलमध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली, उत्पादन कोसळले आणि नोव्हेंबरपर्यंत निर्णय फिरवावा लागला. दोन एकरांच्या धन्याने सगळे रान एकदम पणाला लावू नये. त्याच्या घरात मुलीचे लग्न असते, आजारपण असते. पहिली दोन-तीन वर्षे उतारा घटू शकतो, हे त्याला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. आपले काही उत्साही कार्यकर्ते नेमके तेवढेच सांगायचे विसरतात.

कोणी विचारील, ज्वारी परवडते का? 2025-26 चा हमीभाव सोयाबीनला 5328 रुपये, संकरित ज्वारीला 3699. हिशोब सरळ दिसतो. मात्र त्या तक्त्यात कडब्याला रकाना नाही, शेणखताला नाही, पुढच्या वर्षी न घ्याव्या लागणाऱ्या गोणीलाही नाही.

ज्वारी सोडण्याचे दुसरे कारण तुम्ही मला जेवताना सांगितलेत, आणि ते मला सर्वांत खरे वाटले. गावात एकट्यानेच ज्वारी पेरली तर शिवारातली सारी पाखरे त्याच्याच कणसांवर उतरतात. राखण करायला घरात माणूस नाही. शिवाय ऐन काढणीला पाऊस आला की दाणा काळा पडतो. पावसावर उपाय माझ्यापाशी नाही. पाखरांवर आहे, आणि तो तुमच्याच वाडवडिलांचा आहे. एका शिवेला लागून असलेल्या आठ-दहा जणांनी ठरवून प्रत्येकी दहा-वीस गुंठे ज्वारी सलग पेरावी. पाखरे वाटली जातील, राखणीच्या पाळ्या लावता येतील. मृगाला अजून अवकाश आहे. कोणाची शिव कोणाला लागून आहे, याची यादी आज येथून उठण्यापूर्वी होऊ शकेल.