पटाचारेची वाट आणि आपले दार

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही थेरीगाथेतील पटाचारेविषयी दोन शब्द बोलणार आहोत. पटाचारा ही श्रावस्तीच्या एका धनवान श्रेष्ठीची मुलगी. घरातल्याच नोकरावर तिचा जीव जडला. आईबापांनी दुसरीकडे लग्न ठरवताच ती त्याच्यासोबत निघून गेली. दूरच्या खेड्यात तिने पाणी भरले, धान्य कांडले. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरची ओढ लागली. वाटेत वादळ झाले. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेल्या नवऱ्याला साप चावला. नदी ओलांडताना तान्ह्या बाळाला ससाण्याने उचलले, थोरला पुरात वाहून गेला. श्रावस्तीजवळ आली, तर रात्रीच्या पावसात घर कोसळून आईबाप आणि भाऊ गेलेले. तिघांची एकच चिता पेटलेली! पटाचारेला वेड लागले. अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध राहिली नाही.

लोकांनी तिला हुसकावले. जेतवनातही लोक अडवू लागले. भगवंतांनी मात्र तिला येऊ दिले, भगिनी म्हणून हाक मारली, भानावर आणले. सभेतल्या एकाने आपले पांघरूण तिच्याकडे टाकले. पुढे ती भिक्खुणी झाली. विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले.

काही लोक म्हणतात, 'पळून गेली, म्हणून भोगले.' आम्हाला हे पटत नाही. साप आणि पूर काय लग्न विचारून येतात? बाबासाहेबांनी तर १९३६ सालीच सांगितले की, जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय. मग त्या वाटेने गेलेल्या लेकीला आपण कोणत्या तोंडाने दोष देणार?

पण बंधुभगिनींनो, खरे सांगतो, आम्हीच चुकलो. आमच्या वस्तीतली एक मुलगी अशीच गेली होती. सासरी तिची जात काढली, नवऱ्याने हात सोडला. बुद्ध पौर्णिमेला लेकरू कडेवर घेऊन ती विहाराच्या पायरीशी उभी राहिली. आत आम्ही पंचशील म्हणत होतो. आम्ही तिला पाहिले आणि मान खाली घातली. वंदना आटोपून बाहेर आलो, तर ती निघून गेली होती. पुन्हा दिसली नाही.

पटाचारा सावरली, कारण तिला कुणीतरी आत येऊ दिले. आम्ही तेवढेही केले नाही. यापुढे अशी लेक दारात आली, तर आधी तिला आत बसवा, पाणी द्या, लेकराला घ्या. कोणाबरोबर गेली होतीस, हे विचारू नका. एवढे बोलून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!