परंपरेचा साक्षीपुरावा



मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे एक पेटंट मंजूर झाले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग, असा त्याचा आशय होता. विळीवर बोट कापले की ज्या देशात सर्वप्रथम हळदीचा डबा उघडला जातो, तेथे या बातमीने संताप उसळणे स्वाभाविकच होते. परंतु पेटंट कार्यालयात संताप हा पुरावा म्हणून दाखल करून घेतला जात नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा ज्या संस्थेचे महासंचालक होते, त्या सीएसआयआरने १९९६ मध्ये या पेटंटला रीतसर आव्हान दिले. संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांतील, तसेच शोधनिबंधांतील ३२ संदर्भ गोळा करून सादर केले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापून आलेला एक निबंधही त्यांत होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

या विजयाचा उल्लेख आपल्याकडे नेहमी होतो आणि तो व्हावाच. मात्र तो करताना काही गोष्टी सहसा निसटतात. पेटंट मिळवणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते, हे फारसे सांगितले जात नाही. आजीच्या बटव्यातले ज्ञान न्यायाच्या दारात टिकले ते कोणीतरी, कधीतरी ते लिहून आणि छापून ठेवले होते म्हणून, हेही विसरले जाते. शिवाय, हळद जखम भरते असे त्या निकालाने सिद्ध केलेले नाही. ते ज्ञान नवे नाही, एवढेच सिद्ध केले. एखादी गोष्ट प्राचीन आहे आणि एखादी गोष्ट खरी आहे, ही दोन वेगळी विधाने आहेत आणि दोहोंना वेगवेगळा पुरावा लागतो. पहिल्याची सोय करण्यासाठी २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय ग्रंथसंग्रह उभा राहू लागला. दुसऱ्याची सोय प्रयोगशाळेतच होऊ शकते.

ती कशी होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सर्पगंधेचे आहे. नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस हिची पाने खातो, अशी लोककथा आहे. या लहानशा झुडपाचे मूळ सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेच नाव पडले. १९३१ साली दोन ठिकाणी दोन स्वतंत्र कामे प्रसिद्ध झाली. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ नाव दिले. हृदयाच्या विद्युत्‌लयीतील एक विशिष्ट दोष ओळखण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ हे द्रव्य आजही वापरतात. त्याच वर्षी कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, हे मूळ उन्मादावर गुणकारी आहेच, शिवाय त्याने वाढलेला रक्तदाब उतरतो. आयुर्वेदाच्या परंपरेतला वैद्य आणि आधुनिक वैद्यकातला डॉक्टर यांनी मिळून लिहिलेला हा निबंध होता. दोन वर्षांनी कोलकात्यातच कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्यांचे प्राण्यांवरील परिणाम तपासले.

एवढे होऊनही जग हलले नाही. ते हलण्यास १९४९ साल उजाडावे लागले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. औषध देण्यापूर्वीचा रक्तदाब, नंतरचा रक्तदाब, उतार किती, कोणाला गुण आला नाही, कोणाला त्रास झाला, हे सारे आकड्यांत मांडले होते. वैद्यांच्या पिढ्यांना जे ठाऊक होते त्यात वकिलांनी नवे काय घातले, असा प्रश्न कोणी विचारील. त्यांनी मोजमाप घातले. मोजलेली गोष्ट परक्यालाही पडताळता येते. पुढे बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरात आणले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातील मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे करून त्याला ‘रिसर्पिन’ नाव दिले आणि १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवून दाखवले. १९५७ साली अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार डॉ. वकिलांना मिळाला.

येथे गोष्ट संपवली तर टाळ्या मिळतील. पण खरी गोष्ट येथून सुरू होते. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नतेने ग्रासले, अशा तक्रारी येऊ लागल्या. या संबंधाबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला आणि अजूनही तो पुरता मिटलेला नाही. परंतु औषधाच्या या दोषातूनच मेंदूच्या रसायनशास्त्राचे दार उघडले. रिसर्पिनमुळे मज्जापेशींतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचे साठे रिकामे होतात, असे १९५५ मध्ये अमेरिकेत आढळले. १९५७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे निश्चल झाले, त्यांचे कान लोंबू लागले. मग त्यांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ते पुन्हा हालचाल करू लागले. या प्रयोगाने डोपामिनचे महत्त्व पुढे आले. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचीच उणीव असते, हे १९६० मध्ये व्हिएन्नात दिसून आले आणि त्या रोगावर एल-डोपाचा उपचार रूढ झाला. कार्लसन २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. आयुर्वेदाचे वैद्य कंपवातावर ज्या औषधी योजत आले, त्यांत कपिकच्छूचे बी आहे. आपल्याकडे रानात कुंपणावर चढणारी खाजकुयली ती हीच. या बियांत एल-डोपा असते, हे १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनीच ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले होते. म्हणजे सशाला निश्चल करणारे मूळ या देशात होते, त्याला उठवणारे बी या देशात होते, त्या बियांतील एल-डोपा १९३७ पर्यंत या देशात ओळखले गेले होते आणि दोहोंचा वापर वैद्यांना ठाऊक होता. हे दोन धागे जोडले गेले ते मात्र लुंडमध्ये. हा दोष परकीय सत्तेवर ढकलणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे, कारण तेव्हाच्या प्रयोगशाळा फार तुटपुंज्या होत्या. पण वैद्य, रसायनज्ञ आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ एकमेकांचे लिखाण वाचत नव्हते, याला सत्ता काय करणार? लंडनच्या एका रुग्णालयात आठ रुग्णांवर खाजकुयलीच्या बियांची प्रमाणित गोळीशी तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली ती २००४ मध्ये. बियांचा परिणाम लवकर सुरू होतो, असे तीत दिसले.

सर्पगंधेच्या यशाची किंमत त्या झुडपानेही मोजली. औषध मुळात आहे. मूळ काढले की झाड जाते. जगभरातून मागणी आली तशी रानेच्या राने खणली गेली. १९९० पासून ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या ‘साइट्स’ यादीत आहे.

वनस्पतींच्या बाबतीत जे घडले तेच धातूंच्या बाबतीत घडले. मेहरौलीचा लोहस्तंभ सर्वांना ठाऊक आहे. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, सुमारे १६०० वर्षांचा. त्यावरील लेखातील ‘चंद्र’ राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या स्तंभाविषयी जेवढी अद्‍भुते सांगितली जातात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाविषयी सांगितली जात असतील. कोणी त्याला अष्टधातूचा म्हणतो, कोणी परग्रहवासीयांचा. कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी अद्‍भुताच्या वाटेला न जाता स्तंभावरच्या गंजाचे कण तपासले. क्ष-किरणांनी त्यांची स्फटिकरचना पाहिली, मॉसबाउअर वर्णपटाने लोहाच्या अणूंची स्थिती पाहिली. २००० साली त्यांनी मांडलेले उत्तर असे : स्तंभाच्या लोखंडात स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच जास्त आहे. लोणारी कोळशाच्या भट्टीत चुनखडी न घातल्याने ते स्फुरद मळीत निघून न जाता लोखंडातच राहिले. ओल आणि उन्हाच्या आवर्तनांत त्यामुळे पृष्ठभागावर एक दाट, घट्ट चिकटलेला थर तयार झाला आणि त्याने आतील लोखंड राखले. थोडक्यात, स्तंभाचे रक्षण करणारा थर हाही एका अर्थी गंजच आहे. जमिनीत गाडलेल्या भागाला मात्र गंजाने खाल्लेले आढळले. हे सत्य अष्टधातूच्या कथेपेक्षा कमी वैभवशाली आहे काय? एवढ्या वजनाचे लोखंड गोळ्यागोळ्यांनी तापवून, ठोकून एकजीव करणाऱ्या लोहारांचे कौशल्य त्याने उणावत नाही.

दक्षिणेतील ‘उक्कू’ पोलादाची कहाणी याहून उदास आहे. या पोलादाच्या वड्यांपासून दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तलवारी घडत. २००६ मध्ये ड्रेस्डेन येथील शास्त्रज्ञांनी अशाच एका सतराव्या शतकातील तलवारीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्याचे ‘नेचर’मध्ये लिहिले. लगेच आपल्याकडे, पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते, अशी भाषणे सुरू झाली. त्या लोहारांना उत्तम पोलाद अवगत होते. नळ्या अवगत नव्हत्या, आणि त्यातच त्यांच्या कलेच्या अंताचे एक कारण दडलेले असावे. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन यांच्या मांडणीनुसार, तलवारीवरील लहरी उमटण्यासाठी व्हॅनेडियमसारख्या धातूचा अल्पसा अंश लागे आणि तो विशिष्ट खाणींच्या लोहखनिजातूनच येई. खनिज बदलले, तेव्हा तीच कृती करूनही तेच पोलाद निघेना. का निघत नाही, हे सांगू शकेल असे कोणीच नव्हते. बापाने मुलाला कृती दिली होती. कारण बापालाही ठाऊक नव्हते.

याच्या अगदी उलट उदाहरण, जेथे परंपरेचा काहीच आधार नव्हता आणि केवळ दक्ष निरीक्षणाने काम केले, ते पुन्हा मुंबईतलेच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये तीन व्यक्तींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचे रक्त तपासणीत ‘ओ’ गटासारखे दिसे. पण त्यांच्या रक्तद्रवात ‘ओ’ गटाच्याही पेशींच्या गुठळ्या होत. चाचणी चुकली असेल, असे म्हणून नळी धुऊन टाकणे सहज शक्य होते. ती धुतली गेली नाही, म्हणून जगाच्या वैद्यकात ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव आले.

ए आणि बी हे गट ज्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ हा पदार्थ ‘ओ’ गटाच्या पेशींवरही असतो; बॉम्बे गटात तो पायाच नसतो. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ज्या जनुकामुळे हा पदार्थ घडतो, ते दोन्ही पालकांकडून निकामी मिळावे लागते. भारतात साधारण दहा हजारांत एक असे याचे प्रमाण सांगितले जाते आणि जेथे जवळच्या नात्यात विवाह होतात तेथे ते वाढते. मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांनी हे ध्यानात घेतलेले बरे. आणखी एक नाजूक बाब अशी की, बॉम्बे गटाच्या व्यक्तीत ए किंवा बी जनुक सुप्त असू शकते. मग कागदावर आईवडील दोघेही ‘ओ’ आणि मूल ‘ए’, असे घडते. अशा वेळी मातेच्या चारित्र्यावर शंका घेण्याचे पातक घडू नये, यासाठी तरी ही माहिती घरोघरी असावी.

अशा व्यक्तीला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. ‘ओ’ दिले तर जिवावर बेतते. ‘ओ’ अशी नोंद झालेले रक्त खरोखर ‘ओ’ आहे की बॉम्बे, हे ठरवण्यासाठी त्या व्यक्तीचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींशी पडताळून पाहावा लागतो, किंवा युलेक्स नावाच्या युरोपातील काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क पेशींवर घालावा लागतो. ‘ओ’ पेशींच्या गुठळ्या होतात, बॉम्बेच्या होत नाहीत. परीक्षानळीतल्या या पडताळणीला काही मिनिटे पुरतात.