पायमशीनचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंना मी तसे सांगितलेही होते. त्या म्हणाल्या, "मंडळाचे मशीन तुम्ही कसे चालू केलेत तेवढे सांगा, भाषण आपोआप होईल." तेव्हा तेवढेच सांगते. मधून मधून भरकटले तर सांभाळून घ्यावे.

आरंभ मात्र लांबून करावा लागतो. माझी एक भाची अमेरिकेत असते. तिने मागे मला एका जुन्या कपडे धुण्याच्या यंत्राचे चित्र पाठविले. खाली गोल टाकी, आणि टाकीच्या वर, आपल्याकडे रसवंतीत उसाचा चरक असतो ना, तसे रबराचे दोन रूळ. टाकीत घुसळून झालेले लुगडे या रुळांतून ओढून काढले की पाणी पिळून निघते. बोट मध्ये गेले तर तेही पिळून निघावयाचे, म्हणून रूळ झटकन सुटे करण्यासाठी वर एक दांडा असतो. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी मेटॅग नावाची कंपनी होती. तिने असली यंत्रे करणे १९८३ साली बंद केले. परंतु आमिश म्हणून तिकडे एक पंथ आहे. ही मंडळी घरात तारेची वीज घेत नाहीत. त्यांच्यात हे यंत्र पेट्रोलच्या लहान इंजिनावर अजून चालते. रूळ कडक झाले, त्यांना भेगा गेल्या, की कोठल्या तरी मेलेल्या यंत्राचे रूळ काढून ह्याला बसवावयाचे. चित्राखाली भाचीने लिहिले होते, "मावशी, इथेही तुझ्यासारख्याच बायका आहेत!"

तिने असे का लिहिले ते तुम्हांला ठाऊक आहे. किन्हीराजाला चरकाचे धुलाई यंत्र कोणाकडे नव्हते. आपल्याकडचे जुने यंत्र म्हणजे पायमशीन, आणि मी त्याच्यापायी वेडी झाले आहे अशी बातमी पार माळेगावापर्यंत गेली होती.

हे मशीन माझ्या सासूबाईंचे. त्यांनी ते मंडळाला दिले, आणि त्याच्यावर किती मुली काजे करावयास नि झबली शिवावयास शिकल्या त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. त्याच्यावरची सोनेरी अक्षरे घासून गेली आहेत. कोणी म्हणते उषा, कोणी म्हणते सिंगर. गेल्या दिवाळीनंतर ते अडू लागले. मग टाका बिघडला. कारागीर आला, त्याने चाक हलवून पाहिले आणि सांगितले, "ह्याचे शटल झिजले. हा माल आता येत नाही. भंगारात टाका." मे महिन्याच्या सभेत, मशीन वजनावर विकावे आणि मोटारीचे नवीन घ्यावे, असा ठराव आला.

आता त्या मशीनवर आपल्यातली एक ताई शाळेचे गणवेश शिवते, हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्या घरी दुसरी मिळकत नाही. जूनच्या शाळेसाठी तिने कापड घेऊन ठेवले होते, लोकांकडून आगाऊ पैसेही घेतले होते. नवीन मशीनचे पैसे मंडळाजवळ पुरते जमले नव्हते, आणि आले असते तरी वीज गेली की ते बंद. ती सभेत काही बोलली नाही. पदराच्या टोकाला पीळ देत बसली होती. मी म्हटले, मला पंधरा दिवस द्या. का म्हटले ते मलाच कळले नाही. मला त्या वेळी मशीनमध्ये तेल कोठे घालतात याहून अधिक काही येत नव्हते. खरे तर तेही येत नव्हते, हे पुढे उघड झाले!

पहिली गोष्ट आठवली ती ही, की थंडीत ते मशीन सकाळी अडे आणि दुपारी ऊन चढले की सैल होई. लोखंडाला असे का व्हावे? एके दिवशी फडताळातली खोबरेल तेलाची बाटली हाती आली आणि डोक्यात प्रकाश पडला. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली गेले की थिजते. आपण सर्वजणींनी वर्षानुवर्षे मशीनला खोबरेल घातले होते, मीही घातले होते. घरातले तेल, वासालाही बरे! ते थंडीत थिजते, आणि उन्हाळ्यात वाळून चिकट होते, त्यात कापडाची बोंडी आणि दोऱ्याचे तुकडे बसतात. मशीनचे तेल पातळ असते, ते वाळून बसत नाही. तेवढी एक बाटली आम्ही कधी विकत घेतली नव्हती.

रॉकेल आता सहजी मिळत नाही. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या भाऊजींकडून वाटीभर डिझेल आणले. चुलीपासून दूर, अंगणात निंबाखाली मशीनचे डोके काढून ठेवले, आणि जुन्या दातांच्या ब्रशाने तीन दिवस घासत बसले. दात्यांच्या खालून, म्हणजे कापड पुढे सरकवितात त्या दात्यांच्या, नमद्यासारखी घट्ट वडी निघाली. ती मी जपून ठेवली आहे, पाहावयाची असेल त्यांनी पाहावी. प्रत्येक स्क्रू काढला की वाटीत टाकला आणि कोठला ते कागदावर लिहिले. हे फार महत्त्वाचे आहे. ह्या मशीनच्या स्क्रूंचे आटे साध्या हार्डवेअरच्या स्क्रूंसारखे नसतात. एक हरवला तर दुकानात तसा सापडत नाही, आणि जबरदस्तीने दुसरा पिळला तर भोकाचेही आटे जातात.

चौथ्या दिवशी चाक असे फिरले की बोटाने हलवावे. म्हणजे कारागिराने ज्याला झिजलेले शटल म्हटले, ती निम्मी आमचीच घाण होती. त्याला मी फारसा दोष देत नाही. त्याने उघडूनच पाहिले नाही, एवढे मात्र म्हणते.

निम्मे दुखणे राहिले होते. टाका नीट पडेना, खालचा दोरा वर येऊन दिसे. इथे थोडे समजावून सांगते, कारण आपण सर्वजणी ह्या बाबतीत चुकतो. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, तिथे शटलची चोच त्याचा फास पकडते आणि बॉबिनच्या भोवतून फिरवते. असे दोन दोरे एकमेकांत अडकून कापडाच्या मधोमध गाठ बसली पाहिजे. कापडाच्या खालच्या अंगाला फास लोंबू लागले, की आपण खाली बॉबिनशी खटपट करतो. परंतु दोष बहुधा वरच्या ताणाचा असतो. आणि खालचा दोरा वर आला, तर वरचा ताण फार झालेला असतो, नाहीतर खालचा ताण सुटलेला असतो. वरचा मी कमीजास्त करून पाहिला. मग बॉबिनची केस तपासली.

तिची परीक्षा सोपी आहे. बॉबिन भरून केसमध्ये घाला, दोऱ्याचे टोक धरून केस हवेत लोंबती सोडा. आपोआप खाली घसरली तर ताण ढिला, हिसका देऊनही हलली नाही तर फार घट्ट. लहानसा हिसका दिला की थोडी उतरून थांबावी. ढिली वाटली तर केसवरच्या पत्तीचा बारीक स्क्रू पाव फेरा आवळावा, अधिक नाही. आमची केस पाव काय, पुरता फेरा देऊनही सरसर खाली आली. नातवाचे भिंग घेऊन पाहिले तर पोलादी पत्तीचे टोकच तुटलेले! नखाएवढ्या तुकड्यासाठी अख्खे मशीन भंगारात निघाले होते.

पार्ट काढावयाचा म्हणजे अकोला. माळेगावला जाऊन अकोल्याची गाडी धरली, पातूरच्या घाटात उन्हाने जीव नकोसा झाला. दुकानदाराने कोणते मशीन म्हणून विचारले. नाव पुसलेले, काय सांगावयाचे? मी आठवून वर्णन केले. त्याने एक केस दिली, मी घेऊन आले. घरी आल्यावर ती बसेना. केसला वर एक शिंग असते, ते मशीनच्या खाचेत बसते. आमच्या जुन्या केसचे शिंग घड्याळातल्या अकराच्या आकड्याकडे वळलेले, नव्या केसचे एकाच्या आकड्याकडे. दोन्ही तऱ्हा मिळतात, आणि दुरून पाहिले तर बहिणी बहिणी! जाण्यायेण्याचे भाडे आणि एक दिवस वाया गेला. दुसऱ्या खेपेला तुटकी केस, बॉबिन आणि सुई रुमालात बांधून नेली, ती दुकानदारापुढे ठेवली, आणि दोन मिनिटांत काम झाले. घरून निघताना जुना तुकडा बरोबर घ्यावा एवढी अक्कल मला अकोल्याच्या दोन खेपांनी आली.

दुकानदार बोलका होता. "बाई, नाव पुसले म्हणून काय झाले, हे घराणे एकच," असे म्हणाला. मी घरी येऊन त्याचा शोध केला. आयझॅक सिंगरने आपले यंत्र १८५१ साली काढले. त्याआधी १८४६ साली एलायस होवे याने पेटंट घेतलेलेच होते, म्हणून दोघांची कज्जेदलाली झाली. शेवटी १८५६ साली मोठ्या कारखानदारांनी आपली पेटंटे एकत्र करून ठेवली. १८७७ साली त्या पेटंटांची मुदत संपली आणि मग कोणीही मशीन करावे असे झाले. सिंगरचे जे १५ नंबरचे मशीन, त्याची नक्कल दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात अक्षरशः लाखोंनी झाली. आपल्याकडे लाला श्रीराम यांच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने कलकत्त्यात उषा मशीन काढले, आणि पंजाबात लुधियाना हे मशीनचे आणि त्याच्या सुट्या भागांचे माहेरघर झाले. नावे निराळी, पण बॉबिन आणि सुई पुष्कळदा एकच. म्हणूनच आमच्या बिननावाच्या मशीनला आजही औषध मिळते. सिंगरच्या त्याहून जुन्या हातमशीनला होडीसारखे लांबट शटल आणि लांब बॉबिन असते. ते घराणे वेगळे, त्याला गोल बॉबिन चालावयाची नाही. घरात तसले असेल तर विचारून घ्यावे.

कोणी मला हसून म्हणाले, बाई यंत्राला काय कवटाळून बसल्या! तर यंत्रांवर एवढी टीका करणारे गांधीजी, त्यांनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान दिला. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते केले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचा संसार पाहिला, तर अनेक बायका आणि वीसांहून अधिक मुले! बायकोच्या दयेची ती कथा मला काही पटत नाही. मशीनबद्दल मात्र गांधीजींचे म्हणणे पटते.

बाकीची कामे गावातच झाली. चामड्याचा पट्टा सैल पडला होता. चांभारकाकांनी दोन बोटे कापून तारेची कडी पुन्हा घातली. फळीला सुताराने पट्टी मारली. स्टँडचा एक पाय तडकला होता, आणि बिडाच्या लोखंडाला साधे वेल्डिंग धरत नाही. दोघांनी नाही म्हटले, तिसऱ्याने पितळेने सांधून दिला. पायडलचा एक बोल्ट काही केल्या मिळेना. तो शेवटी कोठे मिळाला? आपल्याच मंडळातल्या एका काकूंच्या माळ्यावर, त्यांच्या आईच्या मोडक्या मशीनमध्ये. त्यांनी तो काढून देताना डोळे पुसले. म्हणाल्या, "आईचा काहीतरी भाग चालू राहील."

तेरावा दिवस होता. ताई मशीनवर बसली. आधी चिंधीवर दोन ओळी मारल्या, उलटून पाहिल्या, पुन्हा उलटून पाहिल्या. मग गणवेशाचे कापड घेतले. जाड कापडाला १८ नंबरची सुई, सदऱ्याला १६, झंपराला १४, हे ती मला शिकविते. आधी सर्वालाच एक सुई, ती मोडेपर्यंत, असा आमचा कारभार होता. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री वीज गेली होती, तिने कंदिलावर शेवटची बटणे लावली. गणवेश सगळे वेळेवर गेले.

मशीन नवे झाले असे मी म्हणत नाही. उलटा टाका घेण्याची दांडी अजून अडखळते, आणि जोराने मारले की खट् असा आवाज येतो, त्याचे कारण मला सापडलेले नाही. मोटारीच्या मशीनचा ठराव सभेने पुढे ढकलला आहे. तो यावा, मी विरोध करणार नाही. दोन्ही असावीत.

आता एक विनंती करून बसते. ज्यांच्या माळ्यावर, गोठ्यात मोडके मशीन पडले असेल, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी मला सांगावे. चालू करावयाचे नसले तरी चालेल. त्याचे स्क्रू, बोल्ट, शटल काढून आपण एका डब्यात ठेवू. डबा मी आणला आहे, तो आजपासून चिटणीसबाईंच्या कपाटात राहील. मशीनच्या खणात तेलाची बाटली ठेवली आहे, तिच्यावर लाल दोरा बांधला आहे. आणि कृपा करून, कोणीही तिच्यात खोबरेल भरू नये.