फी सगळ्यांची, वाटप कुणाच्या हातात?

बर्कलीत १८८७पासून विद्यार्थ्यांचं स्वतःचं सरकार आहे, 'एएसयूसी'. विद्यापीठापासून कायद्यानं वेगळी, ना-नफा संस्था. निवडून आलेले २० सिनेटर फीतून आलेला पैसा क्लबांना वाटतात. नाचाचा ग्रुप, मासिक, सगळेच मागायला येतात.

आता समजा, तुमचा क्लब बहुमताला खटकतो. मग पैसे बंद? नाही! २००० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं विस्कॉन्सिनच्या साउथवर्थ खटल्यात सांगितलं, सरकारी विद्यापीठ अशी फी सक्तीनं घेऊ शकतं, पण वाटताना कुणाची मतं बघू नयेत. विद्यार्थ्यांच्या मतदानानं एखाद्या गटाचा निधी ठरवायलाही कोर्टानं हरकत घेतली. मला हे फार पटलं, कारण छोट्या क्लबकडे मतं कुठून येणार?

तुमच्या पावतीवर जिमखाना फी असेल, तर ती कोण वाटतं ते ऑफिसात विचारा. आणि उत्तर मला व्हॉइस नोटवर पाठवा.