तिसऱ्या प्रहरी दार वाजवा
(रेडिओवरील भाषण)

पावसाळ्याची बेगमी कशी करायची, हे मावळातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. वैशाखात सरपण पडवीत येऊन पडतं, कौलं शाकारली जातात, पत्र्याचे सैल झालेले खिळे ठोकले जातात, राब भाजून होतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसाची आपल्याला धास्ती आहे, म्हणून तयारीही आहे. उन्हाची मात्र ना धास्ती, ना तयारी. "ऊन काय ते विदर्भात, आपल्याकडं हवा थंड," असं म्हणून आपण मोकळे होतो.

आपली घरंही पावसाला तोंड द्यायला बांधलेली. खिडक्या लहान, आणि झड येते म्हणून पश्चिमेची भिंत बंद. कौल होतं तोवर फटींतून वारा खेळायचा. आता कौल गेलं, पत्रा आला. चैत्र-वैशाखात दुपारी तीन वाजता अशा खोलीत कुणी पाच मिनिटं बसून पाहावं. पंखा फिरत असतो, पण वरून फेकतो ती गरम हवाच. पाण्याचा हंडा कोपऱ्यात असतो, त्यातलं पाणीही कोमट झालेलं असतं. बंगल्यांच्या आवारात राखणदाराला दिलेली खोली बहुधा अशीच असते. बंगला मात्र झाडीत, सावलीत असतो.

थंड हवेच्या गावाला उन्हाचा धोका कमी, असं मानू नका. आपल्या घाटाखाली खारघर आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथं महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भक्तिभावानं आली आणि उघड्या मैदानात तासन् तास बसली. त्यांतली चौदा माणसं उष्माघातानं गेली. त्या दिवशी पारा होता ३८ अंशांच्या आसपास. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला हवामान खातं किमान ४० अंश धरतं. म्हणजे आकडा तितका मोठा नव्हता. पण हवा दमट होती, डोक्यावर सावली नव्हती, आणि बसलेल्यांत वयस्क माणसं पुष्कळ होती. चंद्रपूरचा पारा पाहून मावळातल्या माणसानं निश्चिंत होऊ नये, ते यासाठीच. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. थंड हवेत राहणाऱ्याला एकाएकी दोन-तीन कडक दिवस आले, तर ते जास्त बाधतात.

आता मुख्य गोष्ट सांगतो. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर चढतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो. माणूस बरळू लागतो, चिडतो, दिशा चुकतो, नाहीतर गप्प पडून राहतो. नेमकं जेव्हा "मला पाणी द्या, मला सावलीत न्या," असं म्हणायची वेळ येते, तेव्हाच ते म्हणण्याची समज गेलेली असते. छातीत कळ आली तर माणूस हाक मारतो. विंचू चावला तर ओरडतो. उन्हानं घेरलेला माणूस हाक मारत नाही. म्हणून इथं स्वतःची काळजी स्वतः घ्या, एवढं सांगून भागत नाही. दुसऱ्या कुणीतरी येऊन पाहावंच लागतं.

१९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि सातशेवर माणसं दगावली. नंतर संशोधकांनी घरोघरी चौकशी केली, तेव्हा असं दिसलं की एकटी राहणारी, रोज घराबाहेर न पडणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं सर्वांत जास्त गेली. ज्यांच्याकडं कुणी येत-जात होतं, ती पुष्कळ वाचली.

शिकागो लांब आहे, पण आपली वाडी डोळ्यांसमोर आणा. सकाळी तरुण पोरं तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत जातात, सुना-लेकी कामावर, मुलं सुट्टीत मामाच्या गावी. दुपारी मागं राहतात आजी-आजोबा. दार लोटलेलं असतं. शेजारच्याला वाटतं, झोपले असतील. लोणावळ्याच्या सोसायट्यांत निवृत्तीनंतर राहायला आलेली जोडपी आहेत, त्यांची मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात. आणि पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळातल्या डोंगराच्या वाड्यांवर तर माणसंच मोजकी उरली आहेत.

माझं म्हणणं इतकंच आहे की तिसऱ्या प्रहरी एक दार वाजवावं. वर्गणी लागत नाही, समिती लागत नाही. दार वाजवून "काय आजी, जेवलात का? पाणी प्यालात का?" एवढं विचारावं आणि उत्तर नीट ऐकावं. आज वार कोणता, नातू कितवीत गेला, असं सहज बोलत राहावं. उत्तरं भलतीच येऊ लागली, बोलणं अडखळलं, अंग हाताला चटका देण्याइतकं गरम लागलं, तर तो वयाचा विसराळूपणा समजून परत फिरू नये. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असंही धरून चालू नये. उन्हात राबणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो.

अशा वेळी १०८ ला फोन लावावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात बांधून उभं राहू नये. आधी थंड करायचं, मग न्यायचं, हा क्रम डॉक्टर सांगतात. माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि पुठ्ठ्यानं, सुपानं, पदरानं, जे मिळेल त्यानं वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. आणि तापाची गोळी देऊ नका. हा ताप तिनं उतरत नाही.

नुसती चक्कर, पेटके, मळमळ असेल आणि माणूस नीट बोलत असेल, तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजावं. ताक, पन्हं, कोकमाचं सरबत, भाताची पेज हेही चांगलंच आहे, आणि इंद्रायणी तांदळाच्या मुलखात पेजेला तोटा नाही. कांदा खिशात ठेवायची रीत आहे. ठेवावा, पण त्याच्या भरवशावर दुपारी उन्हात निघू नये.

आता आपल्या जत्रा-यात्रांकडे येऊ. चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईची यात्रा भरते. मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी-आगरी बांधव पालख्या घेऊन बोरघाट चढून पायी येतात. डांबरी रस्ता खालून तापतो, ऊन वरून, आणि मग गडाच्या पायऱ्या. रस्त्याकाठच्या गावांनी या वाटसरूंना पाणी द्यायचं, ही जुनी रीत आहे. पण पाणपोईचं एक नेहमीचं दुखणं बोलून दाखवतो. पाडव्याला हार घालून उद्घाटन होतं, फलक झळकतो, आणि अक्षय्य तृतीयेच्या आतच रांजण कोरडा पडतो. अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेला घडा दान द्यायचा, असं आपल्या बायाबापड्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळलं, ते ऐन उन्हाळ्यात पाण्याचं मोल जाणूनच. तेव्हा फलक लहान असला तरी चालेल, पण रांजण रोज धुऊन भरायला कोण येणार, हे आधी ठरवा. ओल्या वाळूवर रांजण ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा म्हणजे कुणाचा हात आत बुडणार नाही. शेजारी चार माणसांना टेकता येईल एवढी सावली करा. आणि पाणपोईवर येणाऱ्याची जात कुणी मनातही आणू नये. याच पुणे जिल्ह्यात १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला होता.

बैलगाडा शर्यतींचा तर हाच हंगाम. घाटावर हजारोंची गर्दी, धुरळा, आणि ऐन दुपारी गाडे सुटतात. बैलांच्या पाण्याची, खुराकाची आपण किती निगुतीनं काळजी घेतो! तशीच बघणाऱ्यांची घ्यायला हवी. यात्रा कमिटीनं बक्षिसांच्या रकमेतला थोडा भाग मांडव, पाण्याचा टँकर आणि एका परिचारिकेवर खर्च केला, तर शर्यतीची शान उणावणार नाही. लग्नाचे मुहूर्त भर दुपारचे न धरता गोरज मुहूर्ताकडे वळावं, असंही सुचवावंसं वाटतं.

आता कामावरच्या माणसांविषयी. वीटभट्टीवर कुटुंबच्या कुटुंबं आगीजवळ राबतात. बांधकामावर बाहेरगावचे मजूर असतात, त्यांना या गावात हाक मारायलाही ओळखीचं कुणी नसतं. ठेकेदार बंधूंनो, काम पहाटे सुरू करा, बारा ते चार थांबवा, आणि त्यासाठी रोज कापू नका. नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण ओझं देऊ नका. उष्माघाताचा धोका सुरुवातीच्या दिवसांतच सर्वांत मोठा असतो.

आपल्या मावळात माणसाच्या हाकेला धावणाऱ्यांची वाण नाही. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र दरीत अडकलेल्यांना वर काढतात, ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, तेव्हाही गावातली पोरं आणि बचावपथकं पाण्यात उतरली. पुराचा लोंढा दिसतो, पूल पडल्याचा आवाज होतो, म्हणून आपण धावतो. उन्हाच्या बळीचा आवाज होत नाही, एवढाच फरक आहे. धावणारी माणसं तीच आहेत.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत तेराशेवर जादा मृत्यू झाले. तिथल्या महापालिकेनं त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि आधी सूचना देणं, दवाखाने सज्ज ठेवणं, पाण्याची सोय करणं सुरू केलं. आपल्या ग्रामपंचायतींना एवढा पसारा मांडायची गरज नाही. आशाताईंना गावातली वयस्क, एकटी, आजारी, अंथरुणावरची माणसं तोंडपाठ असतात. त्यांच्याकडून घरांची यादी घ्या आणि आळीतल्या एकेका तरुणाला दोन-दोन घरं वाटून द्या. मंदिराचा सभामंडप, शाळेची खोली, समाजमंदिर दुपारी उघडं ठेवा, तिथं माठ आणि पंखा असू द्या. पत्र्याच्या घरांना वरून पांढरा रंग द्या. यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

श्रोतेहो, हे भाषण संपलं की आपल्या आळीतलं एक घर मनाशी ठरवा, आणि उद्या दुपारी तीन वाजता तिथं जाऊन या. घरमालक असाल, तर आपल्या राखणदाराच्या खोलीत एकदा दुपारी जाऊन बसा. १०८ हा नंबर भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, तो फोन फुकट लागतो.